पैसा, परके ज्ञान आणि युरोपचा विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचारांच्या इतिहासात पैशाचा प्रश्न आणण्याची गरज काय?

विचार करायला सवड लागते, वाचायला ग्रंथ लागतात, आणि या दोन्हींचा खर्च कोणीतरी केलेला असतो. मध्ययुगीन युरोपात चर्मपत्रावर मोठा बायबल लिहून घ्यायचा म्हटले तर शंभराहून अधिक जनावरांची कातडी आणि लेखनिकाचे अनेक महिन्यांचे श्रम लागत. अशा काळात कोणता ग्रंथ नकलून घ्यायचा आणि कोणता तसाच पडू द्यायचा, हा निर्णय बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याच्या हाती होता. मात्र एखाद्या विचारामागे कोणाचा पैसा होता हे सांगितल्याने तो विचार खोटा ठरत नाही. तो त्याच गावात, त्याच काळात आणि त्याच भाषेत का उमटला, एवढेच त्यातून कळते. परक्या ज्ञानाचा प्रश्नही याला जोडूनच येतो, कारण दूरच्या लोकांचे ग्रंथ आणि अनुभव युरोपात पोहोचले ते मुख्यतः व्यापाऱ्यांच्या वाटांनी आणि जिंकलेल्या शहरांतून.

ग्रीकांचे ज्ञान युरोपने सलग जपले, असे शाळेत शिकवले जाते. ते बरोबर आहे का?

पश्चिम युरोपापुरते ते बरोबर नाही. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यानंतर तेथे ग्रीक वाचणारे फार थोडे उरले. अॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्रावरील काही भाग लॅटिनमध्ये होते, पण त्याचे निसर्गविषयक ग्रंथ, टॉलेमीचे खगोलशास्त्र आणि गॅलेनचे बहुतांश वैद्यक तेथील अभ्यासकांच्या आवाक्यात नव्हते. बायझंटाइन साम्राज्यात, म्हणजे रोमन साम्राज्याच्या टिकून राहिलेल्या पूर्व भागात, हे ग्रंथ ग्रीकमध्ये टिकून होते. त्यांच्यावर जिवंतपणे काम चालू होते ते मात्र बगदादमध्ये, जिथे अब्बासी खलिफा, त्यांचे वजीर आणि श्रीमंत घराणी भाषांतरकारांना उत्तम मोबदला देत असत. हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने नवव्या शतकात गॅलेनचे शेकडो पानांचे लेखन सिरियाक आणि अरबी भाषांत आणले, आणि त्यासाठी एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती ताडून पाहिल्या.

हे ज्ञान लॅटिन जगात आले त्याचे मोठे द्वार म्हणजे स्पेनमधील टोलेडो. १०८५ मध्ये कॅस्टिलच्या सहाव्या अल्फोन्सोने हे शहर घेतले, आणि त्यासोबत अरबी ग्रंथांचे साठे व ते वाचू शकणारे मुस्लिम, ज्यू आणि अरबीभाषक ख्रिस्ती रहिवासी त्याच्या राज्यात आले. इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड टॉलेमीच्या ग्रंथाच्या शोधात येथे पोहोचला, अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. टॉलेमीच्या भाषांतरात त्याच्या शेजारी गालिब नावाचा स्थानिक अरबीभाषक ख्रिस्ती बसत असे. एकजण अरबी वाचून लोकभाषेत अर्थ सांगे आणि दुसरा तो लॅटिनमध्ये उतरवी, अशी ही जोडकामाची पद्धत होती. इतिहासाने जेरार्डचे नाव ठळक अक्षरांत ठेवले आणि गालिबचे तळटीपेत. माझ्या मते हा अन्याय पुढच्या अनेक शतकांत पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो.

म्हणजे अरबी विद्वान हे ग्रीक ज्ञानाचे राखणदार होते, इतकेच ना?

राखणदार हा शब्द त्यांना फार अपुरा पडतो. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात गॅलेनच्या ज्ञानाची नवी मांडणी होती, आणि तो युरोपातील विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला गेला. इब्न अल-हैथमने प्रकाश डोळ्यांतून बाहेर पडतो ही जुनी कल्पना सोडून दिली आणि वस्तूवरून येणाऱ्या किरणांनी दृष्टी घडते हे प्रयोगांच्या आधारे मांडले. त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आल्यावर रॉजर बेकन आणि विटेलो या युरोपीय अभ्यासकांनी त्यावर आपली मांडणी उभी केली, आणि केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावर लिहिले तेव्हा आपल्या पुस्तकाला विटेलोची पुरवणी म्हटले.

कोर्डोबाचा न्यायाधीश इब्न रुश्द याचे प्रकरण तर थेट पॅरिसच्या हृदयाला भिडणारे आहे. अॅरिस्टॉटलवरील त्याची भाष्ये तेराव्या शतकात लॅटिनमध्ये आली आणि जग अनादी आहे का, सर्व माणसांची बुद्धी एकच आहे का, अशा प्रश्नांनी विद्यापीठ ढवळून निघाले. अॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यास पॅरिसमध्ये १२१० आणि १२१५ साली बंदी घालण्यात आली. १२५५ पर्यंत तेच ग्रंथ अभ्यासक्रमात अधिकृतपणे दाखल झाले. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली, आणि त्यांतील कित्येकांवर इब्न रुश्दच्या वाचनाची छाया होती. थॉमस अॅक्वायनसने त्याच्याशी कडाडून वाद घातला, तरी त्याचा उल्लेख करताना अनेकदा नाव न घेता नुसते ‘भाष्यकार’ म्हटले. जणू दुसरा कोणी भाष्यकारच नव्हता. ज्याच्याशी वाद घालून आपण स्वतःचे मत घडवतो, तोही आपल्या घडणीत सहभागी असतो, आणि पॅरिसमधील त्या वादांकडे मी याच दृष्टीने पाहतो.

भारतीय अंक युरोपात कसे गेले?

या प्रवासात व्यापाऱ्याचा पैसा आणि परके ज्ञान एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्यासह गणिताचे नियम मांडले. आठव्या शतकात भारतीय खगोलगणित बगदादच्या दरबारी पोहोचले, आणि नवव्या शतकाच्या पूर्वार्धात अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर पुस्तक लिहिले. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये आले आणि लेखकाच्या नावावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द तयार झाला. पण पंडितांच्या हस्तलिखितात अंक आले म्हणून ते बाजारात आले असे होत नाही.

ते काम पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, केले. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातील बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कचेरीत काम करत आणि मुलाच्या हाती पुढे व्यवहार द्यायचा म्हणून त्यांनी त्याला तेथेच भारतीय अंकांचे शिक्षण दिले. १२०२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथाची सुरुवातच ‘भारतीयांच्या नऊ आकृत्यां’च्या ओळखीने होते, आणि पुढची कित्येक पाने मिरी, कापड, चलनबदल आणि भागीदारीतील नफा यांच्या उदाहरणांनी भरलेली आहेत. विरोधही झाला. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत रकमा या अंकांनी लिहू नयेत, अक्षरांनी लिहाव्यात, असा नियम केला. तरीही व्यापाराची निकड मोठी होती. १३३८ च्या सुमारास त्याच शहरात हजार ते बाराशे मुले हिशेबाच्या शाळांत शिकत होती, असे इतिवृत्तकार व्हिल्लानी नोंदवतो, आणि व्याकरण व तर्कशास्त्राच्या मोठ्या शाळांतील मुलांची त्याने दिलेली संख्या याच्या जेमतेम निम्मी आहे. पुढे लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणितग्रंथात दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धती आली, आणि बीजगणितातील युरोपीय शोधांची पार्श्वभूमीही याच शाळांत तयार झाली.

या वाटेवर एक शब्द असा आहे की जो मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाने वापरलेला असतो. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणतात, आणि वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण आजही जीवाच म्हणतो. आर्यभटाच्या परंपरेतील हा शब्द अरबीत तसाच गेला, पण अरबी लिपीत स्वर लिहिले जात नसल्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला, ज्याचा अर्थ वस्त्राची घडी. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घेतला. त्रिकोणमितीतील साइन हे नाव तेथून आलेले आहे.

कागदाचा यात काही वाटा होता का?

मोठा वाटा होता. चीनमधून मध्य आशियामार्गे बगदादला आणि तेथून स्पेनमधील शातिवा गावापर्यंत ही कला पोहोचली. तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानो येथे पाणचक्कीवर चिंध्या कुटून कागद बनवला जाऊ लागला. चर्मपत्रापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडे, त्यामुळे विद्यार्थ्याला टिपणे ठेवणे आणि व्यापाऱ्याला वही ठेवणे परवडू लागले.

मेदिची घराण्याचे नाव सतत का घेतले जाते?

कारण त्यांच्या बाबतीत पैशाचे विद्येत रूपांतर कसे झाले याच्या नोंदी उपलब्ध आहेत. जोव्हान्नी दी बिच्चीने १३९७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पेढी काढली. व्याज घेणे चर्चच्या दृष्टीने पाप होते, म्हणून नफा मुख्यतः एका शहरातून दुसऱ्या शहरात लिहिलेल्या हुंड्यांच्या चलनबदलातून काढला जाई. पोपच्या दरबाराचा पैसाही याच पेढीतून फिरत होता. मुलगा कोझिमो अतिशय श्रीमंत झाला आणि त्या श्रीमंतीचे ओझे त्याच्या मनावर होते. त्याच्याशी जवळून परिचित असलेला पुस्तकविक्रेता वेस्पासियानो सांगतो की, काही धन योग्य मार्गाने आलेले नाही असे वाटून कोझिमोने पोपचा सल्ला घेतला, आणि पोपने त्याला सान मार्को मठाच्या बांधकामावर दहा हजार फ्लोरिन खर्च करण्यास सांगितले. प्रत्यक्षात खर्च त्याच्या कित्येक पट झाला.

याच मठात १४४४ मध्ये वाचकांसाठी खुले ग्रंथालय उभे राहिले. त्यातील मूळ संग्रह निकोलो निकोली या ग्रंथवेड्या माणसाचा होता. त्याने पुस्तकांपायी स्वतःची मालमत्ता संपवली आणि १४३७ मध्ये तो मेला तेव्हा डोक्यावर कर्ज होते, जे कोझिमोने फेडून पुस्तके मार्गी लावली. फिएसोले येथील दुसऱ्या मठासाठी वेस्पासियानोने ४५ लेखनिक बसवून २२ महिन्यांत २०० ग्रंथ तयार करवले. एवढी माणसे एवढा काळ पगारावर ठेवणे पेढीवाल्यालाच शक्य होते.

मग प्लेटोची पाळी आली. कोझिमोने आपल्या वैद्याच्या मुलाला, मार्सिलिओ फिचिनोला, कारेज्जी येथे घर दिले आणि प्लेटोचे संपूर्ण लेखन लॅटिनमध्ये आणण्यास सांगितले. मध्येच हर्मीस या पौराणिक ऋषीच्या नावावरील ग्रीक हस्तलिखित हाती आले, तेव्हा वृद्ध कोझिमोने प्लेटो बाजूला ठेवून आधी ते पूर्ण करायला लावले. मरण्यापूर्वी ते वाचावे अशी त्याची इच्छा होती. त्यामुळे पुढची दीड शतके युरोपच्या विचारात हर्मीसच्या नावाने जी गूढविद्या वाहत राहिली, तिचा वेग काही अंशी एका सावकाराच्या आवडीनिवडीने ठरला. कोझिमो १४६४ मध्ये वारला, प्लेटो १४८४ मध्ये छापून आला, आणि दहा वर्षांनी पेढी बुडाली.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि ग्रीक पंडित पळून आले, म्हणून प्रबोधन झाले, हे खरे आहे का?

क्रम तसा नाही. मान्युएल ख्रिसोलोरास हा बायझंटाइन पंडित १३९७ मध्येच फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला होता, कारण शहराने त्याला पगार देऊन बोलावले होते. १४३९ मध्ये पूर्व आणि पश्चिम चर्चची परिषद तेथे भरली आणि बायझंटाइन पंडित मोठ्या संख्येने आले, तेव्हाही खर्चाचा भार मेदिचींनी उचलला. १४५३ नंतर आलेल्या निर्वासितांनी या कामाला बळ दिले एवढे नक्की. कार्डिनल बेस्सारिओनने १४६८ मध्ये आपली सुमारे साडेसातशे हस्तलिखिते व्हेनिसला देऊन टाकली, आणि त्याच शहरात आल्डस मानुटियस या मुद्रकाने १४९५ पासून अॅरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला.

छपाईचे श्रेय तरी पूर्णपणे गुटेनबर्गचे ना?

शोध त्याचा, भांडवल योहान फुस्टचे. फुस्टने त्याला दोन वेळा आठशे-आठशे गिल्डर दिले आणि १४५५ मध्ये वसुलीसाठी खटला भरून जिंकला.

अमेरिकेतून आलेल्या संपत्तीने विचारात नेमके काय बदलले?

दोन गोष्टी बदलल्या, आणि दुसरी अधिक खोल आहे. १५४५ मध्ये पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडल्यानंतर स्पेनमध्ये पैसा वाढला आणि भावही वाढले. सालामांकाच्या परंपरेतील धर्मशास्त्रज्ञ मार्टिन द आस्पिलक्वेता याने १५५६ मध्ये लिहिले की जिथे पैशाची टंचाई असते तिथे त्याचे मोल अधिक असते आणि जिथे तो मुबलक असतो तिथे कमी. अर्थशास्त्रातील एक पायाभूत सिद्धान्त असा चर्चमधील पापकबुलीच्या नीतिप्रश्नांतून निघाला.

दुसरा प्रश्न होता ही संपत्ती ज्यांच्या श्रमांतून आणि भूमीतून येत होती त्या लोकांचा. फ्रान्सिस्को द व्हिटोरियाने १५३९ च्या व्याख्यानांत विचारले की या लोकांची राज्ये आणि मालमत्ता त्यांची नव्हती काय, आणि उत्तर दिले की ती त्यांचीच होती. १५५०-५१ मध्ये व्हायादोलिद येथे बार्तोलोमे द लास कासास आणि सेपुल्वेदा यांच्यात वाद झाला. सेपुल्वेदाने अॅरिस्टॉटलच्या ‘जन्मजात गुलाम’ या कल्पनेचा आधार घेतला आणि लास कासासने तो नाकारला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास येथून सुरू केला जातो. खाणींतले मरण मात्र या वादाने थांबले नाही.

गोवा किंवा महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. ज्यू वंशाचा असल्यामुळे त्याला मायदेशी धोका होता. त्याने मसाले, रत्ने आणि औषधी यांचा व्यापार केला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्यकी केली, आणि मुंबईचे बेट खंडाने घेतले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात आंबा, फणस, हिंग, लवंग यांची आणि पटकीची प्रत्यक्ष पाहून केलेली वर्णने आहेत. गॅलेन आणि ग्रीकांविरुद्ध बोलण्याची हिंमत आपल्याला स्पेनमध्ये झाली नसती, असे तो त्यात उघडपणे म्हणतो. हिंदू वैद्य आणि मुस्लिम हकीम यांच्याकडून काय शिकलो हेही तो सांगतो. कार्ल क्लुसियसने १५६७ मध्ये याचा लॅटिन संक्षेप छापला आणि तो युरोपभर गेला. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली.

शंभर वर्षांनी कोचीच्या डच वखारीचा प्रमुख हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचे काम हाती घेतले, जे १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्यात इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. पुढे लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींचे वर्गीकरण करताना या खंडांचा आधार घेतला. त्याच्या उमेदीच्या काळातला आश्रयदाता जॉर्ज क्लिफर्ड हाही अॅमस्टरडॅमचा सावकार आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता.

गुलामांच्या व्यापारातील पैसा विद्येच्या संस्थांत गेला, असे म्हणणे अतिशयोक्त नाही का?

अतिशयोक्त नाही, पण नेमकेपणाने बोलले पाहिजे. स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भाग होते. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स महाविद्यालयाचे प्रसिद्ध ग्रंथालय १७१० मध्ये वारलेल्या क्रिस्टोफर कॉड्रिंग्टनच्या दहा हजार पौंडांच्या देणगीतून उभे राहिले, आणि त्याची संपत्ती बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांतली होती. हान्स स्लोनचा ७१ हजार वस्तूंचा संग्रह १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचा पाया ठरला. त्याच्या संग्रहाला पत्नीच्या जमैकातील मळ्यांच्या उत्पन्नाचा हातभार होता. प्रत्येक ग्रंथामागे असाच पैसा होता असा याचा अर्थ नाही. डच तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगे घासून जगला, मित्राने देऊ केलेली वार्षिक रक्कमही त्याने कमी करून घेतली, आणि १६७३ मध्ये हायडेलबर्गचे प्राध्यापकपद नाकारले.

चीनचा प्रभाव खरोखर होता की ती केवळ हौस होती?

प्रभाव खरा होता. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मप्रचारकांनी केलेले कन्फ्यूशियसचे लॅटिन भाषांतर १६८७ मध्ये पॅरिसला छापले गेले. ख्रिस्ती धर्माशिवाय नीती असू शकते, हे एका मोठ्या राज्याच्या उदाहरणाने दाखवता येऊ लागले. ख्रिश्चन वोल्फ या जर्मन तत्त्वज्ञाने १७२१ मध्ये हाले विद्यापीठात नेमके हेच मांडले, आणि १७२३ मध्ये राजाने त्याला ४८ तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी, असा हुकूम दिला.

मग युरोपीयांचे स्वतःचे काही नव्हतेच का?

असे म्हणणे चुकीचे ठरेल. परके ज्ञान घेऊन त्याच्याशी वर्षानुवर्षे झगडण्याची संस्थात्मक सोय, म्हणजे स्वतःची सनद असलेली विद्यापीठे आणि जाहीर वादाची शिस्त, त्यांनी उभी केली. एका राज्यात ज्याच्यावर बंदी आली त्याला शेजारच्या राज्यात आसरा मिळे, हेही महत्त्वाचे होते. वोल्फला मारबुर्गने ठेवून घेतले. नुसती संपत्ती पुरली असती तर पोटोसीच्या चांदीने सतराव्या शतकातील स्पेनला विज्ञानाचे केंद्र केले असते.

संस्कृत ग्रंथांचा शिरकाव कधी झाला, आणि त्यातही पैशाचा हात होता का?

दाराशुकोहने १६५७ मध्ये बनारसच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. त्या फारसीवरून आंकेतिल-द्युपेराँ या फ्रेंच माणसाने केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, आणि पुढे मॅक्स म्युलरच्या ऋग्वेदाच्या आवृत्तीचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने मान्य केला.

जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहॉरने १८१४ मध्ये वायमारच्या ग्रंथालयातून ती लॅटिन उपनिषदे घरी नेली आणि ती त्याला जन्मभर पुरली. त्याचे वडील डान्झिगचे व्यापारी होते, आणि १८०५ मध्ये ते वारल्यावर मिळालेल्या वारशावर तो नोकरी न करता जगला. १८१९ मध्ये ज्या पेढीत कुटुंबाचा पैसा होता ती अडचणीत आली, तेव्हा आई आणि बहिणीने मिळेल त्या रकमेवर तडजोड केली. शोपेनहॉरने मात्र चिकाटीने पत्रव्यवहार करून आपली रक्कम पुरती वसूल केली. आंकेतिल-द्युपेराँजवळ असा वारसा नव्हता. सुरतेला पारशी दस्तुरांकडे शिकून परतलेला हा माणूस पॅरिसमध्ये अखेरपर्यंत अगदी साध्या अन्नावर राहिला आणि आपल्या गरिबीची तुलना ब्राह्मण तपस्व्यांच्या जीवनाशी करत राहिला.